विठ्ठल महादेव तारकुंडे

न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे (जन्म : सासवड, ३ जुलै १९०९, मृत्यू : दिल्ली, २२ मार्च २००४) हे मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, सर्वोच्च न्यायालयातील वकील, नवमानवतावादी विचारवंत आणि भारतातील नागरी स्वातंत्र्य चळवळीचे एक प्रमुख संस्थापक होते. व्ही. एम. तारकुंडे या नावाने ते देशभर परिचित होते. मानवेंद्रनाथ रॉय यांचे निकटचे सहकारी, रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस, १९५७ ते १९६९ या काळात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि त्यानंतर सुमारे तीन दशके नागरी हक्कांचे कार्यकर्ते, असे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे तीन टप्पे पडतात. सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या संस्थांच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. निवडणूक सुधारणांविषयी १९७५ साली सादर झालेला अहवाल त्यांच्या नावाने ‘तारकुंडे समितीचा अहवाल’ म्हणून ओळखला जातो. भारत सरकारने त्यांना १९९८ साली पद्मभूषण पुरस्कार दिला.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

तारकुंडे यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील सासवड येथे झाला. त्यांचे वडील महादेव राजाराम तारकुंडे हे सासवडमधील वकील आणि समाजसुधारक होते. स्वतः ब्राह्मण कुटुंबातील असूनही त्यांनी अस्पृश्यतेच्या प्रथेला विरोध केला होता. पाच भावंडांमध्ये विठ्ठलरावांचा क्रमांक दुसरा होता. माध्यमिक शिक्षणासाठी १९२० साली त्यांना पुण्यास पाठवण्यात आले. १९२५ साली झालेल्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या काळी मुंबई इलाख्यात आजच्या महाराष्ट्राच्या पश्चिम भागाबरोबर गुजरात, उत्तर कर्नाटक आणि सिंध या प्रदेशांचाही समावेश होता.

पुण्यात शिक्षण घेतल्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि लिंकन्स इन या संस्थेतून बॅरिस्टर झाले. लंडनमधील वास्तव्यात त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि सामाजिक मानववंशशास्त्र या विषयांची व्याख्यानेही ऐकली. डिसेंबर १९३२मध्ये ते भारतात परतले आणि १९३३ साली त्यांनी पुण्यात वकिलीस प्रारंभ केला.

राजकीय जीवन

रॉय यांच्याशी संबंध

वकिली करीत असतानाच तारकुंडे काँग्रेस समाजवादी पक्षात सामील झाले आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात काम करू लागले. मानवेंद्रनाथ रॉय यांची नोव्हेंबर १९३६मध्ये तुरुंगातून सुटका झाल्यावर महाराष्ट्रातील अनेक तरुण कार्यकर्ते त्यांच्याकडे ओढले गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि गो. दि. पारीख यांच्याप्रमाणेच तारकुंडे हेही रॉय यांच्या निकटवर्तीयांपैकी एक झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर काँग्रेसच्या भूमिकेशी रॉय यांचे तीव्र मतभेद झाले. फॅसिझमचा पराभव ही भारताच्या स्वातंत्र्याचीही पूर्वअट आहे, म्हणून युद्धात दोस्त राष्ट्रांना पाठिंबा दिला पाहिजे, असे रॉय यांचे म्हणणे होते. १९४० साली त्यांनी काँग्रेसबाहेर पडून रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्षाची स्थापना केली. तारकुंडे या पक्षात आले. १९४२ साली वकिली सोडून ते पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले आणि १९४४ साली पक्षाचे सरचिटणीस म्हणून दिल्लीस गेले. छोडो भारत आंदोलनाच्या काळात युद्धप्रयत्नांना पाठिंबा देणारी ही भूमिका लोकांना रुचणारी नव्हती. १९४६च्या निवडणुकांत पक्षाचा दारुण पराभव झाला.

जनतेची योजना

१९४४ साली देशातील काही प्रमुख उद्योगपतींनी स्वतंत्र भारताच्या आर्थिक विकासाचा आराखडा प्रसिद्ध केला. तो ‘मुंबई योजना’ या नावाने ओळखला जातो. त्याला पर्याय म्हणून रॉय यांच्या प्रेरणेने ‘जनतेची योजना’ तयार करण्यात आली. बी. एन. बॅनर्जी, गो. दि. पारीख आणि वि. म. तारकुंडे हे तिचे लेखक होते. मुंबई योजनेत १५ वर्षांत १०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक सुचवलेली होती आणि मूलभूत उद्योगांवर भर होता. जनतेच्या योजनेत १० वर्षांत १५,००० कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित धरून शेतीला आणि लोकांच्या नित्य गरजेच्या वस्तूंच्या उत्पादनाला अग्रक्रम देण्यात आला होता. शेतकऱ्याच्या हाती खरेदीची ताकद आल्याखेरीज उद्योगांना टिकाऊ बाजारपेठ मिळणार नाही, हे या योजनेमागील मुख्य सूत्र होते. जमिनीचे राष्ट्रीयीकरण आणि ग्रामीण कर्जाचे निवारण यांचाही तिच्यात समावेश होता.

पक्षविसर्जन आणि नवमानवतावाद

युद्धानंतर रॉय यांनी मार्क्सवादाचा फेरविचार करून नवमानवतावादाची, म्हणजेच ‘रॅडिकल ह्युमॅनिझम’ची मांडणी केली. डिसेंबर १९४६मध्ये मुंबईतील अधिवेशनात या विचाराची २२ सूत्रे स्वीकारण्यात आली. राष्ट्र, वर्ग किंवा धर्म यांपैकी कोणत्याही समूहापेक्षा व्यक्तीचे स्वातंत्र्य हा समाजरचनेचा निकष मानावा, नीतीचा आधार विवेकात शोधावा आणि राजकारण सत्तास्पर्धेतून मुक्त करावे, असे या सूत्रांचे सार सांगता येईल. सत्ता मिळवण्यासाठी चालणारा पक्ष या विचारात बसत नसल्याने डिसेंबर १९४८मध्ये कलकत्ता येथे रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्ष विसर्जित करण्यात आला. पक्ष संपला, तरी तारकुंडे या विचाराशी अखेरपर्यंत बांधील राहिले. पक्षविसर्जनानंतर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा वकिली सुरू केली.

मुंबई उच्च न्यायालयातील कारकीर्द

सप्टेंबर १९५७मध्ये तारकुंडे यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नियुक्ती झाली. त्या वेळी मु. क. छागला मुख्य न्यायमूर्ती होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेमुळे विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ हे प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आले होते आणि उच्च न्यायालयाचे कार्यक्षेत्र मोठे झाले होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाल्यावर गुजरातसाठी स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले. तारकुंडे मुंबईतच राहिले. छागला यांच्यानंतर एच. के. चैनानी आणि पुढे एस. पी. कोतवाल यांच्या मुख्य न्यायमूर्तिपदाच्या काळातही ते या न्यायालयात होते. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले यशवंत विष्णू चंद्रचूड हे १९६१पासून तेथे त्यांचे सहकारी न्यायाधीश होते.

सुमारे १२ वर्षे काम केल्यानंतर १९६९ साली तारकुंडे यांनी स्वेच्छेने पद सोडले. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय १९६३च्या १५व्या घटनादुरुस्तीने ६०वरून ६२ करण्यात आले होते. त्यामुळे त्यांचा कार्यकाळ अद्याप संपलेला नव्हता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२०नुसार उच्च न्यायालयाच्या स्थायी न्यायाधीशाला निवृत्तीनंतर आपल्याच न्यायालयात वकिली करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात आणि इतर उच्च न्यायालयांत मात्र ती करता येते. त्यानुसार तारकुंडे दिल्लीस गेले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. न्यायाधीशपदी असताना सार्वजनिक प्रश्नांवर भूमिका घेण्यास जी स्वाभाविक मर्यादा होती, ती आता उरली नाही. त्यांची देशव्यापी ओळख निर्माण करणारे बहुतेक काम यानंतरचे आहे.

त्याच सुमारास त्यांनी नवमानवतावादी चळवळीच्या कामाचीही सूत्रे हाती घेतली. १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन रॅडिकल ह्युमॅनिस्ट असोसिएशनचे ते पहिले अध्यक्ष होते. रॉय यांनी १९३७ साली ‘इंडिपेंडंट इंडिया’ या नावाने सुरू केलेले आणि १९४९पासून ‘द रॅडिकल ह्युमॅनिस्ट’ या नावाने निघणारे साप्ताहिक १९७० साली मासिक झाले. त्याचे संपादन तारकुंडे यांनी दीर्घकाळ केले.

निवडणूक सुधारणा समिती

एप्रिल १९७४मध्ये जयप्रकाश नारायण यांनी सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी ही पक्षनिरपेक्ष संस्था स्थापन केली. जयप्रकाश तिचे अध्यक्ष आणि तारकुंडे सरचिटणीस होते. दोघांचे पूर्वीचे राजकीय मार्ग वेगळे होते. जयप्रकाश छोडो भारत आंदोलनाचे नायक, तर तारकुंडे त्या आंदोलनापासून दूर राहिलेल्या पक्षाचे सरचिटणीस. पक्षीय राजकारणाबाहेर राहून लोकशाही बळकट करण्याची कल्पना मात्र दोघांनाही मान्य होती.

या संस्थेच्या वतीने जयप्रकाशांनी १९७४ साली निवडणूक सुधारणांचा अभ्यास करण्यासाठी तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मिनू मसानी, पु. ग. मावळंकर, अब्दुल गफूर नूरानी, आर. डी. देसाई आणि ई. पी. डब्ल्यू. दा कोस्टा हे तिचे सदस्य होते. फेब्रुवारी १९७५मध्ये समितीने अहवाल दिला. त्यातील प्रमुख शिफारशी अशा होत्या :

* मतदानाचे किमान वय २१वरून १८ वर्षे करावे.
* निवडणूक आयोग एकसदस्यीय न ठेवता तीन सदस्यांचा असावा.
* आयोगाच्या सदस्यांची नियुक्ती पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने राष्ट्रपतींनी करावी.
* राजकीय पक्षांच्या हिशेबांची तपासणी सक्तीची करावी. उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात धरावा.
* निवडणुकीच्या काळात सत्तेवरील सरकारने केवळ काळजीवाहू सरकार म्हणून काम करावे.
* आकाशवाणी आणि दूरदर्शन ही माध्यमे सरकारी नियंत्रणातून काढून स्वायत्त महामंडळाकडे द्यावीत.

ही समिती सरकारने नेमलेली नव्हती, त्यामुळे तिच्या शिफारशींना कोणतेही कायदेशीर बंधन नव्हते. अहवालानंतर काही महिन्यांतच आणीबाणी जाहीर झाली आणि हा विषय मागे पडला. पुढील काळात मात्र त्यांतील काही शिफारशी प्रत्यक्षात आल्या. ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाले आणि ती मार्च १९८९मध्ये अमलात आली. निवडणूक आयोग १९९३पासून कायम तीन सदस्यांचा आहे. नियुक्तीच्या पद्धतीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२३ रोजी अनूप बरनवाल खटल्यात निकाल दिला आणि संसद कायदा करीपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणुका कराव्यात, असे ठरवले. ही रचना तारकुंडे समितीने ४८ वर्षांपूर्वी सुचवली होती. डिसेंबर २०२३मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेल्या केंद्रीय मंत्र्याचा समावेश करण्यात आला.

आणीबाणी

स्थानबद्धांचा खटला

२५ जून १९७५ रोजी देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. जयप्रकाश नारायण यांच्यासह विरोधी पक्षांचे नेते आणि कार्यकर्ते यांना अटक करण्यात आली. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगाच्या अहवालानुसार आंतरिक सुरक्षा कायद्याखाली, म्हणजेच ‘मिसा’खाली ३४,९८८ व्यक्तींना स्थानबद्ध करण्यात आले होते. २७ जून १९७५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांतील हक्कांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार निलंबित करण्यात आला. मिसामध्ये दुरुस्ती करून स्थानबद्धतेची कारणे सांगण्याचे बंधनही काढून टाकण्यात आले.

तरीही स्थानबद्धांच्या वतीने ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज दाखल झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकता येतात, असा निर्णय दिला. सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिले केली. हा खटला ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने ओळखला जातो. स्थानबद्धांच्या वतीने शांतिभूषण, सोली सोराबजी आदी वकिलांबरोबर तारकुंडे यांनीही युक्तिवाद केला.

खटल्यातील प्रश्न वरकरणी तांत्रिक होता. अनुच्छेद २१ निलंबित असताना एखाद्याला बेकायदा डांबून ठेवले, तर न्यायालय त्याची तक्रार ऐकू शकते काय? सरकारचे म्हणणे होते की, ऐकू शकत नाही. स्थानबद्धांच्या बाजूचे म्हणणे असे की, व्यक्तिस्वातंत्र्य केवळ अनुच्छेद २१मधून निर्माण होत नाही, कायद्याचे राज्य या तत्त्वातच ते अंतर्भूत आहे. शिवाय आणीबाणीतही सरकारला मिसा कायद्याच्या चौकटीतच वागावे लागते. त्या चौकटीबाहेर झालेली स्थानबद्धता तपासणे म्हणजे निलंबित हक्काची अंमलबजावणी मागणे नव्हे.

२८ एप्रिल १९७६ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश अजितनाथ रे, मि. ह. बेग, य. वि. चंद्रचूड आणि प्र. न. भगवती हे बहुमतात होते. हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी निकालपत्र लिहिले. तारकुंडे यांच्या दृष्टीने या पराभवाला आणखी एक बाजू होती. ज्या पीठापुढे त्यांनी युक्तिवाद केला, त्यात मुंबई उच्च न्यायालयातील त्यांचे जुने सहकारी चंद्रचूड होते.

आणीबाणी उठल्यानंतर १९७८ साली झालेल्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूर निकाल चुकीचा ठरवून रद्दबातल केला. त्यातील मुख्य निकालपत्र य. वि. चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले होते.

पीयूसीएलची स्थापना

आणीबाणी चालू असतानाच नागरी स्वातंत्र्यासाठी अखिल भारतीय संघटना उभी करण्याचा निर्णय झाला. १७ ऑक्टोबर १९७६ रोजी दिल्लीत आचार्य कृपलानी यांच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या परिसंवादात पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमॉक्रॅटिक राइट्स ही संघटना स्थापन झाली. तारकुंडे अध्यक्ष आणि कृष्णकांत सरचिटणीस झाले. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आल्यावर अनेक कार्यकर्त्यांना संघटनेची गरज संपली असे वाटू लागले. सरकार कोणाचेही असो, नागरिकाच्या हक्कांवर पहारा ठेवणारी संस्था कायम हवी, ही तारकुंडे यांची भूमिका होती. नोव्हेंबर १९८०मध्ये संघटनेची सदस्यत्वावर आधारित पुनर्रचना झाली आणि ‘पीयूसीएल’ हे नाव स्वीकारण्यात आले. तारकुंडे तिचे अध्यक्ष आणि अरुण शौरी सरचिटणीस झाले. तारकुंडे १९८४पर्यंत अध्यक्षपदी होते.

आंध्र प्रदेशातील चकमकींची चौकशी

आणीबाणीच्या काळात आंध्र प्रदेशात अनेक नक्षलवादी पोलिसांशी झालेल्या ‘चकमकीं’त ठार झाल्याचे सांगण्यात आले होते. १९७७ साली जयप्रकाश नारायण यांनी याची चौकशी करण्यासाठी तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. क. गो. कन्नबिरान, अरुण शौरी, बी. जी. व्हर्गीस, कवी काळोजी नारायणराव आदी तिचे सदस्य होते. जुलै १९७५मध्ये मेदक जिल्ह्यातील गिरायपल्लीच्या जंगलात चार तरुण मारले गेल्याचे प्रकरण समितीने तपशिलाने तपासले. साक्षी नोंदवून समितीने निष्कर्ष काढला की, या तरुणांना आधी ताब्यात घेण्यात आले होते आणि नंतर गोळ्या घालण्यात आल्या. चकमक झालीच नव्हती.

अहवालाने मोठी खळबळ उडाली. आंध्र प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश वशिष्ठ भार्गव यांचा चौकशी आयोग नेमला. कामकाज बंद दाराआड चालवण्याच्या मुद्द्यावरून नागरी हक्क कार्यकर्ते त्यातून बाहेर पडले आणि चौकशी तडीस गेली नाही. मारल्या गेलेल्या व्यक्तींच्या राजकीय मतांशी, विशेषतः त्यांच्या हिंसेच्या मार्गाशी तारकुंडे यांची कोणतीही जवळीक नव्हती. रॉयवादी म्हणून ते त्या मार्गाचे टीकाकारच होते. ताब्यातील व्यक्तीला न्यायालयापुढे उभे करण्याऐवजी ठार मारण्याचा अधिकार राज्यसंस्थेला नाही, हा त्यांच्या दृष्टीने मतांपलीकडचा प्रश्न होता. नागरी हक्क संस्थांनी स्वतः जाऊन सत्यशोधन करावे आणि अहवाल प्रसिद्ध करावा, ही पद्धत भारतात रुजण्यास या समितीच्या कामाची मदत झाली.

‘चकमकीं’चा प्रश्न पुढेही न्यायालयांपुढे येत राहिला. मुंबई पोलिसांच्या १९९५ ते १९९७ या काळातील चकमकींविषयी पीयूसीएलने केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी अशा प्रत्येक मृत्यूच्या चौकशीसाठी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या.

न्यायाधीशांच्या नियुक्तीविषयीचा खटला

१९८१ साली दिल्ली उच्च न्यायालयातील ओ. एन. व्होरा, एस. एन. कुमार आणि एस. बी. वाड या अतिरिक्त न्यायाधीशांना अत्यल्प मुदतीची वाढ देण्यात आली. न्यायाधीशाला काही महिन्यांच्या मुदतीवर टांगते ठेवणे हा न्यायालयीन स्वातंत्र्याला धोका आहे, अशा भूमिकेतून तारकुंडे यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मुंबईत इक्बाल छागला आणि इतर वकिलांनी, तर अलाहाबादेत एस. पी. गुप्ता यांनी न्यायाधीशांच्या नियुक्त्यांविषयी याचिका केल्या होत्या. या सर्व याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग करण्यात आल्या. ३० डिसेंबर १९८१ रोजी दिलेला त्यांचा निकाल ‘एस. पी. गुप्ता विरुद्ध भारत सरकार’ किंवा ‘पहिला न्यायाधीश खटला’ म्हणून प्रसिद्ध आहे.

मुख्य मुद्द्यावर याचिकाकर्त्यांना अपयश आले. नियुक्तीच्या प्रक्रियेत सरन्यायाधीशांच्या मताला अग्रस्थान नाही, असे बहुमताने ठरले आणि कुमार यांना मुदतवाढ न देण्याचा निर्णय कायम राहिला. सरकारने एक प्राथमिक आक्षेप घेतला होता. मुदतवाढ नाकारलेले न्यायाधीश स्वतः न्यायालयात आलेले नसताना वकिलांना दाद मागण्याचा अधिकारच काय, असा तो आक्षेप होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर सद्‌हेतूने आलेल्या नागरिकाची याचिका ऐकता येते, असे सांगितले. जनहित याचिकेच्या भारतीय परंपरेत या निकालाला पायाभूत स्थान आहे. नियुक्तीविषयीचा निर्णय ६ ऑक्टोबर १९९३च्या ‘दुसऱ्या न्यायाधीश खटल्या’त बदलण्यात आला.

दिल्ली, पंजाब आणि काश्मीर

ऑक्टोबर १९८४च्या अखेरीस इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर दिल्लीत शीखविरोधी हिंसाचार झाला. सिटिझन्स फॉर डेमॉक्रसीने त्याची चौकशी करून जानेवारी १९८५मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पंजाबातील परिस्थितीवर संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालाला तारकुंडे यांची प्रस्तावना होती. सरकारने या अहवालावर बंदी घातली आणि तो तयार करणाऱ्या कार्यकर्त्यांवर कारवाई केली. १९९० साली काश्मीर खोऱ्यातील स्थितीची पाहणी करणाऱ्या पथकात तारकुंडे, दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती राजिंदर सच्चर, जम्मूतील लेखक बलराज पुरी आदींचा समावेश होता. तारकुंडे त्या वेळी ८० वर्षांचे होते. अशा अहवालांमुळे त्यांच्यावर देशहिताविरुद्ध वागत असल्याची टीकाही झाली.

विचार

तारकुंडे यांच्या विचारांचा पाया रॉय यांच्या नवमानवतावादात होता. स्वातंत्र्य, विवेक आणि नीती ही त्या विचाराची तीन मूल्ये ते नेहमी एकत्र मांडत. ते निरीश्वरवादी होते आणि धर्मश्रद्धेविना नीतिमान जीवन शक्य आहे, असे त्यांचे मत होते. लोकशाही ही केवळ निवडणुका आणि संसद यांवर उभी राहत नाही, लोकांच्या मनात व्यक्तिस्वातंत्र्य आणि समता ही मूल्ये रुजली तरच ती टिकते, हे त्यांचे आवर्ती प्रतिपादन होते. त्यामुळे राजकीय बदलापेक्षा वैचारिक प्रबोधनाला ते अधिक महत्त्व देत. रॉय यांनी स्थापन केलेल्या इंडियन रेनेसाँ इन्स्टिट्यूट या संस्थेच्या कामातही ते याच भूमिकेतून सहभागी झाले.

धर्मावर आधारलेल्या राष्ट्रवादाचे ते कठोर टीकाकार होते. महाराष्ट्रातील निवडणुकांसंबंधीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी ‘हिंदुत्व’ या संज्ञेचा अर्थ जीवनपद्धती असा लावला. तारकुंडे यांनी पीयूसीएलच्या मुखपत्रात लेख लिहून हा निकाल धर्मनिरपेक्ष लोकशाहीला धक्का देणारा असल्याचे मत मांडले. माजी न्यायाधीश असूनही न्यायालयाच्या निर्णयांवर जाहीर टीका करण्यास त्यांनी कधी संकोच केला नाही.

लेखन

तारकुंडे यांचे बहुतेक लेखन इंग्रजीत आणि नियतकालिकांतून झाले आहे. ‘द रॅडिकल ह्युमॅनिस्ट’मधील लेखांखेरीज त्यांची पुढील पुस्तके उल्लेखनीय आहेत :

* पीपल्स प्लॅन फॉर इकॉनॉमिक डेव्हलपमेंट ऑफ इंडिया (१९४४, बॅनर्जी आणि पारीख यांच्यासह)
* रॅडिकल ह्युमॅनिझम : द फिलॉसॉफी ऑफ फ्रीडम अँड डेमॉक्रसी (१९८३)
* थ्रू ह्युमॅनिस्ट आइज

सन्मान

* आंतरराष्ट्रीय मानवतावादी आणि नैतिक संघाचा आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्कार (१९७८)
* पद्मभूषण (१९९८)

निधन आणि वारसा

२२ मार्च २००४ रोजी वयाच्या ९५व्या वर्षी दिल्ली येथे तारकुंडे यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दिल्लीत व्याख्याने आयोजित केली जातात.

भारतात निवृत्त न्यायाधीशांनी नागरी हक्कांच्या चळवळीत उतरण्याची जी परंपरा दिसते, तिच्या आरंभीच्या प्रमुख नावांत तारकुंडे यांची गणना होते. १९८६पासून पीयूसीएलचे अध्यक्षपद भूषवणारे राजिंदर सच्चर हे याच परंपरेतील होते. तारकुंडे यांनी उभ्या केलेल्या पीयूसीएलच्या याचिकांमुळे पुढे दूरध्वनी संभाषणे चोरून ऐकण्यावर निर्बंध (१९९६), उमेदवारांची गुन्हेगारी व आर्थिक पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदारांचा हक्क (२००३) आणि मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय (२०१३) हे महत्त्वाचे निर्णय झाले. अन्नाच्या हक्काविषयीची २००१ची याचिकाही याच संघटनेची होती. शालेय मुलांना शिजवलेले माध्यान्ह भोजन देण्याचे आदेश तिच्यातूनच निघाले.